एरिगाबो हे सोमाली गाव कसं आहे? मित्राच्या वंशावळीबद्दल विचारायचंय

मेंढका_भुदरगड

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण वाचून घ्या.

मी भुदरगड तालुक्यातला, हल्ली कामासाठी कोल्हापुरात राहतो. घर धनगराचं. माझे दोन चुलते अजून मेंढरांमागं असतात. मिरगाच्या आधी कळप पूर्वेला जत-अथणीच्या अंगाला उतरतो, कारण आमच्याकडचा पाऊस मेंढराला सोसत नाही, खुरं कुजतात. दिवाळीच्या सुमाराला परत वर येतो.

पुण्यात शिकायला होतो तेव्हा तीन वर्षं माझ्या खोलीत एक सोमाली मुलगा राहायचा. त्याला विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. गाव एरिगाबो. नकाशात एरिगावो म्हणून सापडतं, सोमालीलँडच्या, म्हणजे सोमालियापासून वेगळं झालोय म्हणणाऱ्या उत्तरेकडच्या मुलखाच्या, सनाग भागात. एका दिवाळीत मी त्याला गावी आणलं. चुलत्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तेव्हा सोयाबीन काढलेल्या एका रानात बसला होता. मला वाटलं पाहुणा लांबनं फोटो काढील. तो सरळ जाळीत शिरला, एक मेंढी मागच्या पायाला धरून ओढली, ओठ वर करून दात बघितले, पाठीवर हात दाबून बघितला आणि चुलत्यांना पहिला प्रश्न केला, "इथलं पाणी कुणाचं?" मी मधे दुभाषी. चाऱ्याचं नाही, भावाचं नाही, लांडग्याचं नाही, पहिलं पाण्याचं विचारलं. चुलते म्हणाले, विहीर रानमालकाची, आम्ही त्याच्या शेतात मेंढरं बसवतो, त्याला खत मिळतं, तो आम्हाला धान्य नि पैसे देतो, पाणी त्यातच आलं. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न, "आणि भांडण झालं तर तुमच्या बाजूनं कोण उभं राहतं?"

रात्री आज्ज्यानं त्याला जवळ बसवून घेतलं. "तुझ्या बाचं नाव काय? त्याच्या बाचं?" असं विचारत गेला. पोरगं बोटांवर मोजत एकामागनं एक नावं सांगायला लागलं, कुठं अडखळलं नाही. मी मोजली, बावीस झाली. आज्जा म्हणाला, "आमच्यात हेळवी येतो तवा त्येला वही उघडावी लागती. ह्ये पोरगं सोताच हेळवी हाय." हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ वहीत लिहून ठेवणारा नि वाचून दाखवणारा. खरंच, मला स्वतःला खापरपणज्याच्या पुढचं एकही नाव येत नाही.

आणि मग मी चुकलो. बावीस पिढ्या ऐकून मी सहज विचारलं, "मग तुमची जात कुठली?" तो एकदम गप्प झाला. "नंतर सांगतो" म्हणाला. ते नंतर कधी आलंच नाही. ही गोष्ट माझ्या मनाला अजून टोचते.

जाताना त्यानं आईला पिवळट डिंकाचे खडे दिले होते. आईनं बिरदेवापुढं धुपाटण्यात टाकले. कागदी लिंबाच्या पाल्यासारखा वास तीन दिवस घरात होता.

आता भावाच्या लग्नाला त्यानं मला बोलावलंय. आज्जा रोज विचारतो, त्या पोराचं गाव कसलं, तिथं मेंढरं कसली, माणसं कसली. मला काही सांगता येत नाही. कुणी गेलंय का तिकडं? आणि त्या प्रश्नावर तो गप्प का झाला असेल?

---

निवृत्त_पशुवैद्य

मेंढका, तुझा मित्र शोभतो एरिगाबोचा. तिथं अनोळखी वाड्यावर गेलेला माणूस आधी पाण्याचीच चौकशी करतो.

मी पशुसंवर्धनमधून निवृत्त झालो आणि नंतर दोन वर्षं सोमालीलँडमध्ये जनावरांच्या लसीकरणाच्या कामावर होतो. मुक्काम शेख नावाच्या घाटमाथ्यावरच्या छोट्या गावात. तिथं जनावरांच्या डॉक्टरांची शाळा आहे. तिथून एरिगाबोला चार वेळा जाणं झालं. पाहिलं तेवढं लिहितो, आज्जांना वाचून दाखव.

सोमालिया म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं वाळू येते. एरिगाबो पठारावर आहे, आणि ते पठार आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा, म्हणजे १,६४६ मीटरपेक्षा उंच आहे. डिसेंबर ते मार्च तिथं 'जिलाल' असतो, सगळ्यात कोरडा आणि कठीण काळ. जिलालातल्या रात्री मी इथनं नेलेली घोंगडी दुहेरी करून पांघरायचो. गावाच्या उत्तरेला गेलं की दाल्लोचं जंगल लागतं आणि मग जमीन संपते. करूळ घाटाच्या तोंडाशी, गगनबावड्याला उभं राहिल्यावर खाली कोकण दिसतं ना, अगदी तसं. फक्त खोली कितीतरी जास्त आणि तळाला थेट एडनचं आखात. समुद्रावरनं धुकं चढून कड्याला थटतं, त्याच्यावर ज्युनिपरची जुनी झाडं जगतात. आता त्यातली बरीच वाळत चालली आहेत, तोडही होते. बघून जीव तुटतो. शिंबिरीस हे त्या देशातलं सगळ्यात उंच शिखर, २,४०० मीटरच्या वरचं, तेही याच डोंगररांगेत.

आईंनी धुपाटण्यात टाकलेले खडे म्हणजे लुबान. कड्याच्या उतारावर, उघड्या खडकाला बुंध्यानं चिकटून ही झाडं वाढतात. सालीला चरा देतात, चीक बाहेर येऊन वाळतो, तो खरवडून काढतात. आपल्या विदर्भ-खानदेशातली सालई याच झाडाची बहीण. तिकडं 'मयदी' आणि 'मोहर' अशा दोन मुख्य जाती. मयदी चघळतातसुद्धा. लिंबासारखा वास म्हणतोस तर बहुतेक मयदीच. कुठल्या कड्यावरची झाडं कुठल्या घराण्याची हे ठरलेलं असतं, आणि ते पिढ्यान् पिढ्या चालत येतं.

बाजाराचं एक सांगतो. सकाळी जनावरांचा बाजार भरतो. तिथं पहिल्याच दिवशी मी थबकलो. दोन माणसं एकमेकांचा हात धरून उभी, हातावर उपरणं टाकलेलं, तोंडानं एक शब्द नाही, आत बोटं दाबून सौदा चाललेला. माझ्या लहानपणी आपल्याकडच्या बैलबाजारात हेच रुमालाखाली चालायचं. आणि मधल्या माणसाला तिथं म्हणतात 'दिलाल'. आपला दलालच.

मेंढरं आपल्या दख्खनीसारखी लोकरीची नाहीत. अंग पांढरं, आखूड केसांचं, डोकं आणि मान काळीभोर, शेपटाच्या मुळाशी चरबीचा गोळा. दुष्काळात ती चरबीच जनावराला तारते. वाड्याची विभागणीही आपल्यापेक्षा वेगळी. शेळ्या-मेंढ्यांना पाण्याजवळ राहावं लागतं, म्हणून त्या बाया-पोरं आणि घरासकट एकीकडं. उंट बरेच दिवस पाण्याशिवाय काढतात, म्हणून तरणी पोरं त्यांना घेऊन लांब दुसरीकडं, महिनोन् महिने, निम्मंअधिक दुधावर जगून. एकाच घरची माणसं अशी दोन वाटांनी फिरतात. विहिरीवर उंटांना पाणी पाजताना एकाखाली एक उभं राहून बादल्या वर फेकतात, आणि ताल चुकू नये म्हणून गातात. पट्टणकोडोलीला ओव्या ऐकतच मोठा झालेला मी, शब्द एक कळत नव्हता तरी तिथनं हललो नाही.

आता वंशावळ. त्याला 'अबतिरसी' म्हणतात. अब म्हणजे बाप, तिरसी म्हणजे मोजणी. पाच-सहा वर्षांच्या पोराकडनं ती घोकून घेतात. आपण कुलाभिमान म्हणून नावं सांगतो, तसं मला आधी वाटलं होतं. माझा समज एका विहिरीवर बदलला.

एरिगाबोच्या दक्षिणेला आम्ही शेळ्यांना लस टोचायला गेलो होतो. विहिरीवर तीन-चार कळप थांबलेले. मी आपला जवळचा कळप बघून सुरुवात केली. अर्ध्या तासात बाकीचे कळप निघून गेले. त्या दिवशी चाळीससुद्धा शेळ्या झाल्या नाहीत आणि बर्फातली लस वाया गेली. चूक पूर्णपणे माझी. आधी सगळ्या म्हाताऱ्यांबरोबर बसून कुणाचा कळप कधी हे ठरवायला हवं होतं. मी एका भावकीचा माणूस ठरलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एका आजोबांनी मला बसवून माझ्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव विचारलं. पुढं मी थांबलो. त्यांनी काळजीनं विचारलं, "मग तुझी गुरं मेली तर तू कुणाकडं जाणार?"

तेव्हा डोक्यात शिरलं. दोन अनोळखी माणसं भेटली की मागं मोजत जातात आणि कुठल्या पूर्वजापाशी नावं जुळतात ते बघतात. सहाव्या पिढीला जुळली तर देणंघेणं एक, पंधराव्याला जुळली तर वेगळं. दुष्काळात कुणाच्या विहिरीवर जायचं, मेलेल्या उंटांच्या बदली कोण उंट देईल, हे त्यावर ठरतं. भांडणात माणूस मेला तर भरपाई एकटा मारेकरी देत नाही, त्याची अख्खी भावकी वर्गणी काढून देते. रिवाजाप्रमाणं पुरुषाच्या जिवाचे १०० उंट. तुझ्या मित्राचा दुसरा प्रश्न आठव, 'तुमच्या बाजूनं कोण उभं राहतं?' तो हेच विचारत होता.

सनागमध्ये मुख्य भावक्या चार. हबर यूनिस आणि हबर जेलो या शेख इसाकाच्या वंशातल्या. त्या इसाकाची कबर खाली किनाऱ्यावर मयढ गावात आहे. पूर्वेकडं वरसंगली आणि दक्षिणेकडं धुलबहांते, या दोन्ही दारोद वंशातल्या हरती शाखेच्या. एरिगाबो या चौघांच्या कुरणांच्या सांध्यावर आहे. गाव एवढं महत्त्वाचं त्यामुळंच, आणि नाजूकही त्यामुळंच.

तुझा मित्र गप्प का झाला ते आता सांगतो. सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या राजवटीत भावकीचं नाव काढायलाच बंदी होती. १९७१ च्या सुमारास भावकीवादाचे पुतळे करून ते पुरायचे कार्यक्रम झाले. लोक एकमेकांना "तुझी माजी भावकी कुठली" असं विचारायचे. आणि त्याच राजवटीनं पुढं एका भावकीला दुसरीवर घातलं. १९८८ ते १९९१ च्या यादवीत एरिगाबोत इसाक आणि हरती समोरासमोर आले. शेजारी शेजाऱ्याचं घर सोडून पळाला, मागं राहिलेल्या घरात दुसरा शिरला. तुझ्या मित्राच्या आईबापांनी ते डोळ्यांनी बघितलं असणार. त्या गावच्या माणसाला परक्या घरात, पहिल्याच रात्री, एका शब्दात भावकी सांगायला जड गेलं तर नवल नाही. तो रागावला असेल असं मला वाटत नाही.

आणि 'जात' हा शब्द तिथं बसतही नाही. या चारही भावक्यांत सोयरिकी होतात, उलट अगदी जवळच्या भावकीत टाळतात. पण आपल्या अर्थानं जातीसारखं तिथंही काही आहे, आणि ते मला फार लागलं. गबोये म्हणून लोक आहेत. कातड्याचं काम, लोहारकाम, शिकार करणारे. त्यांच्याशी बाकीचे लग्न करत नाहीत. शाहू महाराजांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते बघून गप्प बसवत नाही. मी तिथं बोललो, वादही झाला.

१९९३ ची गोष्ट आज्जांना मुद्दाम सांग. लढाई थांबल्यावर दोन वर्षं या भावक्या जोडीजोडीनं बसत राहिल्या. आज हबर जेलो नि वरसंगली, उद्या हबर यूनिस नि धुलबहांते. खर्च मुख्यत: लोकांचाच. ते सगळं जमल्यावर १९९३ च्या ऑगस्टात एरिगाबोत मोठी बैठक बसली ती नोव्हेंबरापर्यंत चालली. ठरलं ते असं: बळकावलेली घरं मूळ मालकाला परत, कुरणं नि पाणी सगळ्यांना खुलं, माणसानं आणि मालानं कुठल्याही वाटेनं जावं, आणि आपल्या भावकीतल्या वाटमाऱ्याची जबाबदारी त्या भावकीनं घ्यावी. बंदूक हातात असलेली पोरं बाजूला बसलेली आणि म्हातारी माणसं महिनोन् महिने बोलताहेत, हे मला त्या बैठकीला हजर असलेल्या एका गृहस्थांनी चहा गार होईपर्यंत सांगितलं. नंतरही वाद झाले. सोमालीलँड आणि पूर्वेकडचं पुंटलँड दोघंही सनागवर हक्क सांगतात आणि तो तिढा आजही आहे. पण त्या वेळी ती घरं परत मिळाली, हे खरं.

---

वाड्यावरची_लेक

डॉक्टर काका, सगळं वाचलं. दोनदा वाचलं. माझं माहेर हातकणंगल्याकडं, मेंढरांमागं चालतच लहानाची मोठी झाले, आता कागलला दिलीय.

मला एकच विचारायचंय. त्या बावीस नावांत बाईचं नाव कुठाय? आमच्या हेळव्याच्या वहीतबी नसतं. माझी आई वाडा हलवायच्या दिवशी पहाटे तीनला उठायची. घोड्यावर संसार लादायचा, त्यावर कोंबड्या बांधायच्या, त्यावर माझा धाकटा भाऊ. पुढच्या मुक्कामाला पोचून चूल पेटेस्तोवर ती बसत नव्हती. बापय माणसं मेंढरं बघायची, ते कष्ट कमी नव्हतेच. पण घर म्हणाल तर घर आईच्या पाठीवर चालायचं. तिचं नाव कुठल्या वहीत नाही. तिकडं काय रीत आहे?

आणि पुरुषाच्या जिवाला १०० उंट म्हणालात. बाईच्या?

---

निवृत्त_पशुवैद्य

ताई, प्रश्न बरोबर आहे आणि मी लिहायला हवं होतं.

बाईच्या जिवाचे ५० उंट.

घर बाईचंच असतं, तेही नुसतं म्हणायला नाही. त्याला 'अकल' म्हणतात. मुळांच्या वाकवलेल्या काठ्यांची कमान, त्यावर बायांनी विणलेल्या गवताच्या-तंतूंच्या जाड चटया. लग्नाच्या वेळी नवरीकडच्या बाया ते तयार करतात. बाईच उभारते, बाईच सोडते, बाईच उंटावर लादते. मी घड्याळ लावून बघितलंय, दोघी जणींनी दोन तासांत अख्खं घर उंटावर चढवलं. काठ्या दोन्ही बाजूंनी अशा बांधल्या की वर झोळीसारखी जागा झाली, तिच्यात एक आजारी शेळीचं करडू आणि एक पोर बसलं. दुधाची भांडीही विणलेलीच. आतून जळत्या काडीची धुरी देतात, त्यानं दूध टिकतं आणि धुराची चव लागते. तो वास माझ्या नाकात अजून आहे.

नावांचं म्हणशील तर एक विलक्षण गोष्ट आहे. 'हबर' या शब्दाचा अर्थच म्हातारी, आई. शेख इसाकाच्या बायकांवरून मुलांच्या शाखा ओळखल्या जातात, हबर मगाडले आणि हबर हबुशेद. हबर यूनिस पहिलीतले, हबर जेलो दुसरीतले. म्हणजे मोजणी बापांची, पण मोठ्या भावक्यांच्या फांद्या कुठं फुटल्या ते आयांवरून सांगतात.

आता वाईट तेही सांगतो. बैठकीत बायांना बसायला जागा नसते. आणि वैर मिटवताना एका बाजूची मुलगी दुसऱ्या बाजूला देण्याची जुनी रीत आहे. तिला कुणी विचारत नाही. माझ्याबरोबर काम करणारी एक नर्स म्हणाली होती की बाई एका भावकीची लेक आणि दुसरीची सून असते, म्हणून लढाईत दोन्हीकडं तीच रडते, आणि दोन्हीकडं निरोप घेऊन जाऊ शकते तीही एकटीच. यादवीत असे निरोप बायांनीच नेले. १९९३ च्या कराराखाली मात्र नावं म्हाताऱ्या पुरुषांची आहेत.

---

जुना_राजवाडा_वाचक

चर्चेत थोडी भर घालतो, इतिहासाची. मी पेशानं मास्तर, आता घरीच असतो.

एरिगाबोचा आणि आपला संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १८८४ पासून इंग्रजांनी त्या किनाऱ्यावर पाय रोवला तो एडनमधून, आणि एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडं होता. १८९८ पर्यंत ब्रिटिश सोमालीलँड हिंदुस्थान सरकारच्याच अखत्यारीत होतं. तिथं चलन म्हणून आपला रुपया चालायचा, तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत. आपल्या आज्याच्या कनवटीला जो रुपया होता तोच बर्बेराच्या बाजारात उंटवाल्याच्या कनवटीला.

सनागच्या पठारावर जानेवारी १९२० मध्ये घडलेलं फार थोड्यांना माहीत असतं. सय्यद मुहम्मद अब्दुल्ला हसन यांचं दरवेशी बंड १८९९ पासून चालू होतं. वीस वर्षं इंग्रजांना ते मोडता आलं नाही. शेवटी त्यांनी बारा विमानं आणली आणि २१ जानेवारीपासून मेदिशे आणि जिदली इथल्या दरवेश्यांच्या तळांवर बाँब टाकले. दोन्ही ठिकाणं एरिगाबोच्याच मुलखात. पुढं दरवेश्यांचा तलेहचा किल्ला पडला. आफ्रिकेत बंड मोडायला विमानांचा वापर झाल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. मेंढरं हाकणाऱ्या माणसानं आभाळातनं ते पहिल्यांदा येताना बघितलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातनं जात नाही. त्याच वर्षी वरसंगलींचा सुलतान महमूद अली शिरे याला इंग्रजांनी सेशेल्स बेटांवर पाठवलं. तो १९२८ ला परत आला.

डॉक्टरसाहेब, आता तिथल्या लोकांचा निर्वाह कशावर चालतो? मेंढरं अजून परवडतात का?

---

निवृत्त_पशुवैद्य

मास्तर, मेंढरंच. जिवंत जनावर बर्बेरा बंदरातून सौदीला जातं, सगळ्यात जास्त हजच्या आधी, बकरी ईदच्या कुर्बानीसाठी. सगळं वर्ष त्या काही आठवड्यांवर तोललेलं असतं. २००० साली जनावरांच्या रिफ्ट व्हॅली तापाच्या भीतीनं सौदीनं आयात बंद केली ती २००९ पर्यंत. त्यात २००१ ते २००४ सूल पठारावर सलग दुष्काळ. ज्यांचे उंट दुष्काळानं नेले त्यांना मेंढरं विकायला बाजार नव्हता. माझ्याबरोबरचा गाडीवान त्यातलाच. दीडशे मेंढरांचा धनी होता, मी गेलो तेव्हा दुसऱ्याची गाडी चालवत होता. गाडीतनं जाताना कुठलाही कळप दिसला की तो बोलणं थांबवून मोजायचा.

आणखी एक. टाक्या बांधून पावसाचं पाणी साठवायची पद्धत पसरली, त्यानं सोय झाली, पण टाकी खाजगी असते. कुरण सगळ्यांचं आणि पाणी एकाचं, असं झालं की भांडण येणारच. शिवाय लोक आता कुरणालाच काटेरी कुंपण घालू लागलेत. आपल्याकडं गायरानं गेली आणि तुमच्या चुलत्यांना वाटेवर थांबायला जागा उरली नाही, तेच.

---

मेंढका_भुदरगड

डॉक्टर, ताई, मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

काल रविवारी गावी गेलो आणि सगळं मोबाईलवरनं आज्ज्याला वाचून दाखवलं. रुमालाखालच्या बोटांचं ऐकून त्यानं माझा हात धरून मला बोटांचे भाव शिकवले. ते त्याला येत होते हेच मला माहीत नव्हतं. गायरानाच्या वाक्याला त्यानं परत वाच म्हणून सांगितलं.

मग तिथनंच मित्राला फोन लावला. या वेळी भावकी विचारली नाही. म्हटलं, तुमच्या घरची जनावरं कुठल्या विहिरीवर जातात? तो क्षणभर थांबला आणि मग बोलायला लागला तो थांबेचना. विहिरीचं नाव सांगितलं, ती त्याच्या पणज्यानं खणली ते सांगितलं. १९९१ ला त्याच्या घरच्यांनी ती सोडली, दोन वर्षं दुसऱ्यांची जनावरं तिथं पाणी प्यायली, आणि बैठकीनंतर त्याचा बाप परत गेला तेव्हा त्या दुसऱ्यांनी विहिरीतला गाळ काढून ठेवलेला होता. आता दोन्ही घरची जनावरं तिथंच येतात. ज्या भावाचं लग्न आहे त्याची नवरी त्या दुसऱ्या घरची. भावकी कुठली ते त्यानं मग आपणहून सांगितलं. इथं लिहीत नाही.

जायचं ठरलंय. डॉक्टर, वाट कशी ते सांगा. आणि आज्जा नवरदेवाच्या बापासाठी घोंगडी देणार म्हणतोय, काळी, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. चालेल ना तिकडं?

---

निवृत्त_पशुवैद्य

चालेल म्हणजे काय, जिलालात गेलास तर पहिल्याच रात्री अंगावर दिसेल.

मुंबईहून दुबई किंवा अदिस अबाबा, तिथून हरगेसा. हरगेसाहून गाडीनं बुराओ, बुराओहून एरिगाबो. एका दिवसात करायला जाऊ नकोस, बुराओला मुक्काम कर. निघण्याआधी मित्राच्या घरच्यांना विचार की वाट कशी आहे, गावात तणाव आहे का. ते सांगतील तेव्हाच निघ, बाहेरच्या कुणाचं ऐकून नको. व्हिसाचंही त्यांच्याकडूनच नीट कळेल.

घोंगडी बरोबरच्या पिशवीत ठेव, सामानात टाकू नकोस. आणि हेळवी या वर्षी कधी येतो ते आज्जांना विचार. जायच्या आधी निदान दहा नावं पाठ करून जा. तिथली म्हातारी माणसं विचारणार आहेत.